मुंगसाचे अपील

मुलांनो, पळसांच्या एका जंगलात ओढ्याकाठी एक मुंगूस आपल्या दोन पिलांसह राहत असे. एकदा ते शिकारीला गेले असता एका घोरपडीने त्याच्या पिलांना हुसकावून बिळात मुक्काम ठोकला. तंटा कोल्ह्यापुढे गेला आणि त्याने घाईघाईत घोरपडीच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्याने एवढे सांगितले की, निकाल पटला नसेल तर आठ दिवसांत हत्तीकडे अपील करता येईल. त्यासाठी माझ्या पंजाचा ठसा असलेले निकालाचे पान सोबत न्यावे आणि घोरपडीला आधी वर्दी द्यावी.

संतापलेल्या मुंगसाचे तिकडे लक्षच नव्हते. उघड्यावर कुडकुडणाऱ्या पिलांना घेऊन ते सहा दिवस भेटेल त्याला आपली कैफियत ऐकवत फिरले. सातव्या दिवशी हत्तीपुढे ते इतके कळवळून बोलले की, झाडावरच्या माकडांचेही डोळे पाणावले. हत्तीने पान मागितले. ते नव्हते. घोरपडीला कळवले का, असे विचारले. तेही केले नव्हते. हत्तीने अपील तिथल्या तिथे फेटाळले.

"महाराज, माझी बाजू खरी आहे. मग पानाचे एवढे काय?" मुंगूस म्हणाले.

"असेलही खरी," हत्ती म्हणाला. "पण कोल्ह्याने काय ठरवले, ते पानावाचून मला कसे कळणार? आणि घोरपडीला न कळवता तिला बाहेर काढले, तर तिचे म्हणणे कोणी ऐकायचे? उद्या सूर्यास्तापर्यंत मुदत आहे. रीतसर ये, मी ऐकेन."

मुंगूस ओशाळले. आपल्या पिलांनाही असेच कोणी न विचारता बाहेर काढले होते, हे त्याच्या मनात आले. ते तडक कोल्ह्याकडे गेले, ठशाचे पान घेतले आणि घोरपडीला वर्दी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे हत्तीपुढे आले. हत्तीने पान वाचले आणि दोघांना वेगवेगळे बोलावून एकच विचारले, बिळाला तोंडे किती? घोरपडीने एक सांगितले. मुंगसाने दोन सांगितली आणि हत्तीला तिथे नेऊन करवंदीच्या जाळीमागचे दुसरे तोंड दाखवलेही. निकाल फिरला. घोरपड मुकाट्याने निघून गेली आणि त्या संध्याकाळी पिले आपल्या उबदार बिळात एकमेकांना बिलगून झोपली.

तात्पर्य : बाजू खरी असून भागत नाही, ती वेळेत आणि रीतसर मांडावी लागते.