सूज दिसली की खाली बघायचं

आधी माझंच सांगते. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली, तर मी शिकलीसवरलेली बाई पंधरा दिवस त्या गाठीला आंबेहळद फासत बसले. त्याच बाजूची दाढ ठणकत होती, तिला वेगळी लवंग देत होते. दोघींची आपसात ओळख असेल असं काही माझ्या डोक्यात आलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, दाढ काढायची, आ करा. म्हटलं, डॉक्टर, थांबा. आधी एक गोष्ट ऐका. फार मोठी नाही.

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो दुसऱ्या गावचा; स्वतःच्या गावात नुसताच भोळा. नाव सखाहरी. सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळायचा, एवढाच त्याचा दोष. एकदा बायको, कौतिका, “मिरच्या वाळत घातल्यात, कोंबड्या हाकला,” म्हणून रानात गेली. यानं कोंबड्या हाकलल्या त्या पार शेजारच्या गावापर्यंत. कोंबड्या परत आल्या नाहीत. कौतिका माहेरी गेली, तीही परत आली नाही.

सासऱ्यांचा, केरबांचा, निरोप आला. “जावयानं एक तरी काम शहाण्यासारखं करून दाखवावं. मगच लेक धाडीन.”

सखाहरी निघणार, तोच जांघेत अवधाण आलं. सुपारीएवढी गाठ. पाय टाकवेना. त्यानं गाठीला चुना लावला, गाठीला शेक दिला, गाठीची समजूतही काढली. गाठ ऐकेना. मग गेला दवाखान्यात नर्सबाईंकडे.

“पायाला काय झालंय?” नर्सबाईंनी विचारलं.

“पायाला काय न्हाई. गाठ वर हाय.”

“पाय दाखव.”

टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, आत पू. बाईंनी काटा काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, “अवधाण म्हणजे राखणदार रे. खालची घाण वर चढू देत नाही, अडवून धरतं, म्हणून सुजतं. राखणदाराला काय चुना लावतोस? सूज दिसली की खाली बघायचं.”

“सूज दिसली की खाली बघायचं,” सखाहरी म्हणाला. आठ दिवसांत अवधाण बसलं. त्याला वाटलं, झालो आपण शहाणे.

सासरवाडीला पोचला तर केरबा ओट्यावर बसलेले. उजवा गाल पुरीसारखा टम्म. सखाहरीनं गाल बघितला आणि खाली वाकला. केरबांना वाटलं, जावई पाया पडतोय. डोळेच भरून आले.

“औक्षवंत व्हा, जावईबापू! कौतिके, सुधारला की गं तुझा नव—”

एवढ्यात केरबांच्या टाचेत पिन गेली.

“काटा सापडंना, मामा. लई खोल दिसतोय.”

केरबा एका पायावर नाचत होते. कौतिका धावत आली. “अहो, गाल सुजला तर तोंडात बघायचं! दात किडलाय त्यांचा. चार दिवस सांगतेय डॉक्टरकडं चला, तर भितात.”

“तोंडात बघायचं,” सखाहरी म्हणाला. केरबांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीची कास सुजली. कौतिका म्हणाली, “जरा बघता का हिच्याकडं?” सखाहरीनं म्हशीचं तोंड उघडलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग पळत ओट्यावर.

“मामा, घात झाला! म्हशीचे वरचे पुढचे दात सगळेच्या सगळे पडल्यात!”

“म्हशीला वरचे पुढचे दात नसत्यातच, जावईबापू.”

“कधीपास्नं?”

“जन्मापास्नं.”

“आन् तुम्ही अजून कुणाला दाखवलं न्हाई?”

केरबा उठले. गोठ्यात जाऊन कास शेकली, खराब दूध पिळून काढलं. “हे बघा. दोन्ही हातांनी धरायचं आन् घाण निघंपतूर पिळायचं. मधी सोडायचं न्हाई.”

“मधी सोडायचं न्हाई,” सखाहरी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी केरबांच्या जबड्याखाली गाठ आली. लिंबाएवढी. हो, माझ्यासारखीच. कौतिकानं नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. हळूच म्हणाली, “एकदा तरी कायतरी धड करा हो. मला घरी यायचंय.”

सखाहरी उठला. तसाच ओट्यावर गेला, सासऱ्यांचा गळा दोन्ही हातांनी धरला आणि पिळला.

“सो... सोड!”

“मधी सोडायचं न्हाई, मामा. घाण कुठं निघालीय अजून?”

केरबांचे डोळे पांढरे व्हायला लागले. दुसरं काही सुचेना, तेव्हा ते मान वळवून जावयाच्या मनगटाला कडकडून चावले. जावयाची पकड सुटली. केरबा धापा टाकत ओरडले, “कौतिके, बोचकं बांध! घेऊन जा ह्याला. आत्ताच्या आत्ता!”

सखाहरी हरखला. बायको घेऊन घरी आला. शहाणपणाचं फळ असं रोकडं मिळतं.

आठ दिवसांनी तो नर्सबाईंच्या दारात. काखेत अवधाण, आणि दोन्ही पायांना ही मोठाली फडकी बांधलेली.

“पायांना काय केलंस रे?”

“तुमचंच ऐकलं, बाई. काखेत सूज दिसली, खाली बघाय लागलो. उजवी टाच उकरली, डावी उकरली. काटा काय सापडंना.”

बाईंनी त्याचा हात ओढून बघितला. मनगट भप्प सुजलेलं, आणि मधोमध काहीतरी रुतलेलं.

“आणि हे काय आहे?”

“ते व्हय? तो काटा न्हाई, बाई. तो सासऱ्यांचा दात हाय.”

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचे हातमोजे चढवून झाले होते.

“सासऱ्यांचा निघाला ना?” ते म्हणाले. “आता आ करा.”