बेनेव्होलंट महाराजांची दाढी

गोऱ्या एजंटसाहेबाने शेजारच्या संस्थानाच्या राजाला चारचौघांत ‘बेनेव्होलंट’ म्हटलं आणि कातळगडच्या तुळाजीराव महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली!

“आम्हाला का नाही म्हटलं?” महाराज दिवाणांवर कडाडले. “आणि त्याचा अर्थ तरी काय?”

“दयाळू, महाराज. लोकांचं मनापासून भलं चिंतणारा.”

“हात्तिच्या! ते तर आम्ही आहोतच! पिटा दवंडी. आमची स्वारी निघाली की प्रत्येकाने ‘बेनेव्होलंट महाराजांचा विजय असो’ असं ओरडायचं. जो अडखळेल तो कोठडीत!”

झालं! बघता बघता दयाळू महाराजांची कोठडी गच्च भरली. लोहार गेला, माळीण गेली, आणि महाराजांची दाढी करणाऱ्या गेनू न्हाव्याचा म्हातारा बापही गेला. तोंडात एक दात नाही, तो बिचारा इंग्रजी कुठून बोलणार? आत त्याला खोकला लागला, भाकरी चावेना. गेनूचा जीव तीळ तीळ तुटू लागला. त्याने जाऊन महाराजांचे पाय धरले.

“दया करा, महाराज. सोडा त्याला!”

“खरं सांगू का गेनू, तो शब्द आम्हालाही अजून उमगलेला नाही,” महाराज म्हणाले. “दिवाण नुसते अर्थ सांगतात. तू दाखव! तोंडाने सांगायचं नाही, आमच्या अंगाला कळलं पाहिजे. उद्या जमलं तर बाप सुटेल. नाहीतर तूही आत!”

दिवाण गालातल्या गालात हसले. दया अंगाला कळायची म्हणजे काय, ती काय खरूज आहे?

दुसऱ्या दिवशी गेनू नेहमीसारखा हजामतीची धोपटी घेऊन आला. दिवाणही गंमत बघायला शेजारी येऊन बसले. महाराजांच्या तोंडाला साबण फासला, एक गाल साफ केला, आणि वस्तरा गळ्याशी नेऊन थांबला.

“का रे थांबलास?”

“वस्तरा कालच धार लावून आणलाय, महाराज. माझा बाप तिकडे कोठडीत खोकतोय. आणि पहारेकरी पार दाराबाहेर उभाय.”

“गेनू!”

“हलू नका, कापेल!”

वस्तरा सर्रकन फिरला. दिवाणांनी डोळेच मिटले! पण गळ्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. गेनूने पंच्याने गळा पुसला, वर तुरटी फिरवली.

“कळलं अंगाला? यालाच बेनेव्होलंट म्हणतात, महाराज!”

महाराजांनी गळा चाचपून पाहिला. “आणि... तुझ्या बापाला नाहीच सोडलं तर?”

“तर उद्याही मीच येणार दाढीला. उद्याही तुमचं भलंच चिंतीन. पण रोज रोज इतकं चांगलं राहायचं म्हणजे जिवावर येतं हो!”

महाराज असे खदखदून हसले, की साबणाचा फेस दिवाणांच्या पगडीवर उडाला. “दवंडी रद्द! सोडा सगळ्यांना!” म्हणत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गेनूला दिलं.

गेनू वस्तरा घेऊन दुसऱ्या गालाकडे वळला, तसे महाराज टुणकन उठून उभे राहिले.

“थांब, थांब! आधी तुझा म्हातारा घरी पोचू दे. मग उरलेली दाढी!”