टिटवीची अंडी आणि गव्याची पाने

एका डोंगराळ जंगलात एक म्हातारा गवा राहत असे. त्या उन्हाळ्यात सारे ओढे आटले आणि एकच झिरा उरला. त्यात एका वेळी एकाचेच तोंड मावे, म्हणून गवा सगळ्यांना रांगेत उभे करी. कुणाची गरज खरोखर तातडीची असेल, तर त्याला तो पळसाचे पान देई. ज्याच्याकडे पान, त्याने पुढे जावे.

कोल्ह्याच्या पायात काटा मोडला तेव्हा त्याला पान मिळाले. पाय आठ दिवसांत बरा झाला, पण ते वाळके पान तोंडात धरून कोल्हा रोज ऐटीत पुढे जातच राहिला. ते पाहून रानडुकराने पान मागितले, मग वानराने, मग मोराने. गवा देत गेला आणि स्वतःला दयाळू समजत राहिला. मुलांनो, ही दया नव्हती, निव्वळ भित्रेपणा होता.

रांगेच्या शेवटी एक टिटवी असे. तिची तीन अंडी उघड्या माळावर होती. टिटवी पोटाची पिसे भिजवून अंड्यांवर बसते, तेव्हा कुठे ती उन्हात वाचतात. एका दुपारी पानवाले पाणी पिऊन जात आणि घटकाभराने पुन्हा पुढे येत. टिटवी होती तिथेच. शेवटी ती रांग सोडून ओरडत थेट गव्यापुढे गेली.

"टिटवीबाई, तीन अंड्यांसाठी केवढा हा कलकलाट," कोल्हा म्हणाला.

टिटवीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "गवेदादा, मला पान देऊन काय उपयोग? माझ्यापुढे अकरा पाने उभी आहेत. दिलेले पान तुम्ही परत कधी घेता, तेवढे सांगा."

गव्याने मान खाली घातली. त्याने एकही पान कधी परत घेतले नव्हते. मग तो झिऱ्यासमोर आडवा उभा राहिला आणि त्याने सगळी पाने खाली ठेवायला लावली. यापुढे पाणी पिऊन झाले की पान तिथेच सोडायचे, पुन्हा अडचण आली तर पुन्हा मागायचे, आणि एका वेळी दोनच पाने बाहेर राहतील, असे त्याने बजावले.

"आणि माझा मान?" कोल्ह्याने विचारले.

"पान तुझ्या काट्याला दिले होते, तुला नव्हे," गवा म्हणाला.

पहिले पान त्याने टिटवीला दिले. तिने पुढे जाऊन पोट भिजवले, पान तिथेच ठेवले आणि ती माळाकडे उडाली. चौथ्या दिवशी तिची तिन्ही पिल्ले गवतात पळत होती. कोल्हा कुरकुरत रांगेत उभा राहिला. पण रांग आता सरकत होती, आणि ऊन चढायच्या आत त्याचाही नंबर लागला.

तात्पर्य : सवलत गरजेपुरती द्यावी आणि गरज सरताच परत मागावी. परत मागण्याची हिंमत देणाऱ्याने दाखवली, तर रांगेतल्या शेवटच्यालाही पाणी मिळते.