साच्याचा संशय

साचे आणि माती एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. सगुणा कुंभारणीकडे पोळ्याचे बैल काढायचा भाजलेल्या मातीचा एक साचा होता. वर्षं गेली तशी त्याच्यातून निघणाऱ्या बैलांची शिंगं बोथट होऊ लागली.

साच्याला आधी मातीचा संशय आला. "तू वाळू मिसळून येतेस," तो म्हणाला.

"मी तीच, त्याच ओढ्याची," माती म्हणाली.

मग त्याची नजर कोनाड्यातल्या बैलावर गेली. त्याच्यातूनच निघालेला तो पहिला बैल सगुणाने कधी विकला नव्हता. त्याची शिंगं अजून टोकदार होती. माझी शिंगं हाच चोरतो, असं साच्याने ठरवूनच टाकलं.

एका पोळ्याला शिंगांच्या जागी नुसते दोन गोळे निघाले. सगुणाने साच्यात बोट फिरवलं. "झिजलास रे बाबा. प्रत्येक बैल तुझं थोडं थोडं घेऊन गेला." तिने कोनाड्यातला बैल उतरवला, त्याच्यावर ओली माती दाबून नवा साचा घडवला आणि बैल परत जागेवर ठेवला.

नव्या साच्याने कोनाड्याकडे बघत जुन्याला हळूच विचारलं, "हा सारखा माझ्या शिंगांकडे का बघतो?"

जुना साचा म्हणाला, "तुझी झिजली की परत द्यायला बसलाय."