तप्तवीराची सुटका

एका राज्यात कोणालाच ताप येत नसे. त्याआधी तिथल्या राजा धारावर्षाची राणी तापात गेली होती. राजेच ते, रागावले की अक्कल गहाण! त्याने तापाचा राक्षस तप्तवीर याला मांत्रिकाकरवी हिमगुहेत कोंडून टाकले. लोकांनी साखर वाटली. पण आगीतून निघून फुफाट्यात पडावे तशी गत झाली. साधी जखम झाली तरी माणसे गार पडून मरू लागली.

एके दिवशी राजकन्या मृगावतीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, अंग मात्र थंडगार. राजा उशाशी बसला असता खिडकीत एक साळुंकी येऊन बोलली,

“महाराज, जखमेतून शत्रू आत शिरले आहेत. अशा गारव्यात ते सुखाने वाढतात आणि राजकन्येच्या रक्तातले सैनिक पेंगतात. त्यांना जागे करणारा तुमच्या कैदेत आहे.”

“त्याने माझी राणी नेली.”

“राणीला रोगाने नेले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीत. आता सूर्यास्ताआधी त्याला सोडवा.”

राजाने हिमगुहेकडे घोडा दौडवला. गुहेचे पहिले दार बर्फाचे होते. ते त्याने उघडी छाती टेकवून वितळवले. दुसऱ्या दारावरच्या नागाने आयुष्याची दहा वर्षे मागितली. राजाने ती दिली आणि पांढऱ्या केसांनी पुढे धावला. तिसरे दार म्हणाले, “आपली आज्ञा चुकली असे म्हणा.” त्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी आज्ञा मागे घेतली नव्हती. राजाची जीभ उचलेना. उन्हे कलली.

“चुकलो,” राजा म्हणाला. दार उघडले.

लालबुंद तप्तवीर बाहेर आला. “मुलगी कुडकुडेल, बरळेल. घाबरून मला पुन्हा कोंडाल?”

“नाही. पण मर्यादा सोडू नकोस.”

“पाणी पाजत राहा. अंग फारच तापले तर ओल्या कापडाने पुसा, मी मागे सरेन.”

राजकन्या तापाने फणफणली आणि आत रण माजले! उष्णतेने शत्रूंची वाढ खुंटली, सैनिक दुप्पट वेगाने तुटून पडले. राजवैद्य बर्फाचे घडे घेऊन धावला, तेव्हा राजा स्वतः दारात आडवा उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मृगावतीला दरदरून घाम फुटला.

“बाबा, भूक लागली,” ती म्हणाली. राजा ढसाढसा रडला.

निघताना तप्तवीर दाराशी थबकला. “राणीसाहेबांसाठीही मी असाच लढलो होतो, महाराज. तेव्हा हरलो.”

राजाने त्याला वाकून हात जोडले. त्या दिवसापासून राज्यात पुन्हा ताप येऊ लागला, आणि माणसे पुन्हा बरी होऊ लागली.