रिकामा परतलेला हंडा

डोंगराखालच्या एका गावाच्या चावडीत तांब्याचा हंडा होता, तेव्हाची गोष्ट. लग्न कोरकूंचं असो, बंजाऱ्यांचं असो की तांबोळ्यांचं, भात त्याच्यातच शिजे. हंडा परत करताना आत मूठभर काहीतरी घालायची रीत होती. कुणी मोहाची फुलं घाली, कुणी ज्वारी, कुणी खजूर.

पुढे एकेक घर पोटामागे शहराकडे गेलं. त्या घरांत परमुलखातली माणसं आली. त्यांनीही लग्नाला हंडा नेला आणि घासूनपुसून परत आणला.

"सोन्यासारखा झळकतोयस की!" खुंटीवरचा झारा म्हणाला.

"आत बघ. काहीच नाही. मोहाचा वास होता, तोही गेला."

"मग रागव त्यांच्यावर!"

"कशाला, गड्या? बिचाऱ्यांनी जीव लावून घासलंय मला. रिकामा परत करू नये, हे सांगणारं माणूसच गावात उरलं नाही."