ढवळखिंडीतला फळा

कुसवंडी गावाला डांबर ठाऊक नव्हतं, एसटी येत नव्हती आणि मॅट्रिक झालेली माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकीच होती, त्या काळची ही गोष्ट. ऐकायची तर नीट बसा. मध्ये बोललात तर मी उठून जाईन.

तर फार वर्षांपूर्वी कुसवंडीच्या हायस्कुलात रेठरेकर मास्तर नावाचे गणिताचे शिक्षक होते. अंगानं दांडगा माणूस, आणि आवाज असा की ते वर्गात बोलायला लागले की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची, असं म्हणतात. मी बघायला नव्हते. पण माझा चुलता त्यांच्या वर्गात होता, आणि त्या बिचाऱ्याला खोटं बोलायला कधी सुचलंच नाही.

तेव्हा मॅट्रिकचं केंद्र तालुक्याला असायचं. मध्ये ढवळखिंड आडवी. खिंडीपासून पुढं आणखी तीन कोस. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर मुलांना घेऊन पायी निघायचे. खिंडीत एक मोठा सपाट कातळ आहे, तिथं सगळ्यांना बसवायचे, दशम्या खायला लावायचे आणि एकेकाला निरोपाचे दोन शब्द सांगायचे. मोठाले उपदेश नाहीत हं. "राघू, तू आधी सगळा पेपर वाच." "बाबू, तू पाणी पिऊन बस." ज्याचा त्याचा आजार, ज्याचं त्याचं औषध.

त्या वर्षी नऊजणांत एकच मुलगी होती, धोंडू गायकरांची सगुणा. गणितात इतकी तल्लख की मास्तरच कधीकधी आपलं उत्तर तिच्याशी पडताळून बघायचे. पण एक खोड होती. गणित अडलं की ती तिथंच बसून राहायची. ते सुटल्याशिवाय पुढच्याला हात लावायची नाही, मग शाळा का सुटेना. चाचणीत एका गणितापायी अख्खा पेपर कोरा देऊन आलेली ती. आणि बापानं बजावून ठेवलं होतं, "पास झालीस तर पुढं शीक. नाही झालीस तर वैशाखात लग्न. पाहुणे बघून ठेवलेत." धोंडू शब्दाचा पक्का माणूस, दोन्ही बाजूंनी पक्का.

कातळावर मास्तर तिला म्हणाले, "सगुणे, अडलं की ऊठ. पुढं जा. मग मागं येऊन बघ."

"अर्धं टाकून कशी जाऊ, मास्तर? जीव लागत नाही पुढं."

"टाकून जा कोण म्हणतंय? परत यायचंय."

तिला काही ते पटलं नाही. मान हलवली, एवढंच.

तेवढ्यात धूर आला. मार्चातलं वाळलेलं गवत, आणि मागनं, कुसवंडीच्या अंगानं, वणवा वर चढत होता. मास्तरांनी मुलांना भराभर उठवलं आणि घाईत स्वतःच घसरले. घोटा मोडला. राघू आणि बाबूनं त्यांना उचललं, पण चार पावलांत दोघंही बसले. ते ओझं उचलायला बैलगाडीच हवी होती. मास्तर सरपटत कातळाच्या मधोमध गेले आणि म्हणाले, "इथं गवताची काडी नाही, मी जळत नाही. तुम्ही थांबलात तर पुढची वाट पेटेल आणि उद्याचा पेपर जाईल. निघा."

मुलं हलेनात. सगुणा तर त्यांचा हात धरून बसली.

"मी अडलोय, सगुणे," मास्तर म्हणाले. "आता काय करायचं?"

ती रडत उठली. आठही मुलांना पुढं घालून खिंड उतरली. मागं एकदाही वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल उचललं नसतं, असं ती पुढं सांगायची.

तालुक्याला पोचताच तिनं दहा दारं ठोठावून माणसं गोळा केली. पण खिंड धडाडून पेटलेली. उद्या दुपारपर्यंत वर कुणी जाऊ शकत नाही, असं जाणत्यांनी सांगितलं.

सकाळी पेपर गणिताचाच. आणि सगुणेचं पहिलंच गणित अडलं. ती अडून बसली. अंकांच्या जागी तिला धूर दिसायला लागला. तेव्हा, असं म्हणतात, तीन कोसांवरून, खिंडीतून आवाज आला, "अडलं? ऊठ, पुढं जा." खिडक्यांची तावदानं थरथरली. कोण बोललं म्हणून पर्यवेक्षकांनी बाकन् बाक धुंडाळलं. बाकीच्यांना वाटलं ढग गडगडले, पण मार्चात कुठले ढग? सगुणेनं पहिलं गणित सोडलं आणि पुढची सगळी सोडवली. पहिल्याकडं परत यायला तेवढा वेळ उरला नाही.

घंटा झाली तशी ती माणसांबरोबर खिंडीत गेली. चहूकडं राख. मधोमध कातळ, आणि कातळावर मास्तर. भुवया जळलेल्या, ओठ फुटलेले, पण बसले होते ताठ. वणवा कातळापर्यंत आला, त्यांना बघून दोन वाटांनी निघून गेला, असं म्हणतात. जाताना कातळ मात्र काळाभोर करून गेला. शेजारचे खडक आजही तांबूस आहेत, हा एकटाच काळा. जाऊन बघा.

मास्तर घटाघटा पाणी प्याले. माणसं उचलायला वाकली, तर त्यांनी हात आडवा केला.

"सगुणे, काय राहिलं?"

"पहिलं गणित, मास्तर."

त्यांनी खिशातून खडू काढला. "मांड."

"आधी तुम्हाला खाली नेऊ द्या."

"परत यायचंय म्हणालो होतो ना? आलीस. आता बघ त्याच्याकडं."

सगुणा हुंदके देत त्या काळ्या कातळावर गणित मांडायला बसली. सकाळी जे हलत नव्हतं, ते चार ओळींत सुटलं. मास्तरांनी शेवटची ओळ वाचली. "हं. आता उचला," म्हणाले.

सगुणा पास झाली. धोंडूनं पाहुण्यांना नकार कळवला. पुढं सगुणाबाई त्याच हायस्कुलात गणित शिकवायला आल्या, आणि लंगडत चालणारे मास्तर दर मार्चात त्यांच्या बरोबरीनं खिंड चढत राहिले.

आता घाटात डांबर आलंय, केंद्रही गावातच आलंय. तरी कुसवंडीची दहावीची मुलं शेवटचा पेपर झाला की आधी घरी जात नाहीत. खडू घेऊन ढवळखिंडीत जातात. पेपरात जे राहिलं ते मास्तरांच्या फळ्यावर मांडतात, आणि सुटेपर्यंत कुणी कुणाला उठू देत नाही. पावसाळ्यात सगळं धुऊन जातं.

मोठी माणसंही जातात. परवा आमच्या शेजारची भागाबाई गेली होती. भावाशी तिचं वीस वर्षं बोलणं नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिनं कातळावर खडूची एक रेघ ओढली आणि जराशी बसली. मग उठली आणि सरळ भावाच्या गावची वाट धरली.